रस्ता सर्वांचा : सुरक्षित सायकल मार्गाचा सामाजिक विचार

समाजजीवन म्हटले की आपल्यासमोर सभा, जयंती, वाचनालय, विद्यार्थ्यांना वह्यावाटप, आजाऱ्याला मदत अशी कामे उभी राहतात. ही कामे मोलाची आहेतच. परंतु घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत जो रस्ता आहे, त्याचा विचार आपण समाजकार्यात सहसा करीत नाही. तो महापालिकेचा विषय म्हणून सोडून देतो. वास्तविक वस्तीतील प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा तरी ज्या सार्वजनिक मालमत्तेचा उपयोग करतो, ती हीच. त्या रस्त्यावर कोणाला किती जागा मिळते, कोण निर्धास्त जातो आणि कोण जीव मुठीत धरून जातो, यावरून समाज आपल्या माणसांची किती कदर करतो हे कळते. म्हणून प्रस्तुत लेखात सायकलस्वारासाठी वेगळा व सुरक्षित मार्ग असावा, या साध्या वाटणाऱ्या मागणीचा विचार आम्ही करीत आहोत.

प्रथम 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ पाहू. विद्यार्थ्यांनी भारतीय संविधानाचे १५ वे कलम उघडावे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे. शासनाच्या पैशातून राखल्या जाणाऱ्या या जागांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे १९२४-२५ साली जो सत्याग्रह झाला, तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी होता. आपल्याकडे मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाईपर्यंत तो कागदावरच होता. अस्पृश्यतेचा अन्याय आणि सायकल मार्गाचा अभाव यांना एका तराजूत घालणे आम्हाला मान्य नाही, तसे कोणी करूही नये. मात्र त्या लढ्यांतून एक गोष्ट आपण शिकलो आहोत. जे सार्वजनिक आहे त्यात दुर्बलाचा वाटा कागदावर असणे वेगळे आणि हाती येणे वेगळे.

आज रस्त्यावर दुर्बल कोण? चालणारा आणि सायकल चालविणारा. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आणि त्याखालोखाल पादचाऱ्यांचा होता. सायकलस्वारांची संख्या या मानाने कमी दिसते. पण सायकल चालविणारेच रस्त्यावरून हटत गेले, हेही त्याचे एक कारण आहे, हे विसरून चालणार नाही.

पुणे शहराचे उदाहरण घेऊ. हे शहर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. खडकी-दापोडीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून वाहत असे. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस अडवीत. (आजच्या विद्यार्थ्यांना हे गमतीचे वाटेल, पण त्या दिव्याच्या भीतीने अनेक जण चौकाच्या अलीकडे उतरून सायकल हातात धरून चालत.) पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, शहर दूरवर पसरले, आणि २०१८ साली असे जाहीर झाले की शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही पुढे गेली. वाहनांच्या या गर्दीत सायकलवाला रस्त्याच्या कडेला, कडेवरून गटाराच्या झाकणावर आणि तेथून घरी ढकलला गेला.

तथापि सायकल संपली, हा समज खरा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; मोटारसायकल वा स्कूटर २१ टक्क्यांकडे आणि मोटारगाडी अवघ्या ४.७ टक्क्यांकडे होती. म्हणजे घरात सायकल आहे, ती बाहेर काढण्याची हिंमत नाही. शिवाय एक कायद्याची गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. सोळा वर्षांखालील मुलाला पेट्रोलवर चालणारे कोणतेही वाहन रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळत नाही, आणि गिअरच्या गाडीसाठी अठरा पूर्ण व्हावी लागतात. मग सातवी-आठवीच्या मुलाने स्वतःच्या बळावर शाळेत जायचे कसे? पायी किंवा सायकलने. एवढीच दोन साधने कायद्याने त्याला दिली आहेत आणि त्या दोन्हींसाठी रस्त्यावर जागा नाही. हा आमच्या मते या सबंध प्रश्नाचा गाभा आहे.

आम्ही बँकेत काम करतो, त्यामुळे हिशेबाची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. दुचाकीच्या कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून रोज जातात. ऐंशी हजारांचे कर्ज, तीन वर्षे मुदत, बारा टक्के व्याज असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे २,६५० रुपये पडतो. कामाचे ठिकाण दहा किलोमीटरवर असेल, गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर जाण्यायेण्याचे रोजचे चाळीस आणि सव्वीस दिवसांचे १,०४० रुपये. दोन्ही मिळून ३,७०० च्या घरात. विमा, टायर, ऑइल वेगळे. महिना पंधरा हजार पगार असलेल्या माणसाच्या मिळकतीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. तेवढ्याच पैशात मुलीच्या शिकवणीची फी आणि घरातले दूध भागते. अशाच एका अर्जदाराला, जो रखवालदारीची नोकरी करतो, आम्ही सहज विचारले की तुमचे काम तर जवळच आहे, सायकल का घेत नाही? तो म्हणाला, "साहेब, सायकल घरात आहे. पण पुलावर मागून टँकर येतो, तेव्हा पोरांचे चेहरे दिसतात." कर्ज मंजूर झाले. ते नियमात बसत होते. परंतु तो हप्ता वास्तविक गाडीचा नव्हता, सुरक्षिततेचा होता, आणि सुरक्षितता देणे हे ज्यांचे कर्तव्य, त्यांनी न दिल्यामुळे त्याला ती व्याजाने विकत घ्यावी लागली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : सायकलीच कुठे दिसत नाहीत, मग मार्ग कोणासाठी? हा तर्क उलटा आहे. ज्या वस्तीत नळ नाही, तेथे नळावर रांग दिसणार नाही. म्हणून लोकांना तहान नाही असे कोणी म्हणत नाही. आणि ही मागणी काही आजच्या हौशी मंडळींनी काढलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे मानदंड ठरविणाऱ्या संस्थेने १९६२ सालीच सायकल मार्गाविषयी स्वतंत्र पुस्तिका काढली. तिच्यातील हिशेब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. गर्दीच्या एका तासात रस्त्यावरून शंभर ते दोनशे मोटार वाहने जात असतील, तर सायकली चारशे किंवा अधिक असल्यास वेगळा मार्ग करावा. मात्र मोटार वाहने तासाला दोनशेहून अधिक असतील, तर सायकली केवळ शंभर असल्या तरी वेगळा मार्ग योग्य ठरतो. म्हणजे मोटारी जितक्या जास्त, तितकी सायकलवाल्याच्या संरक्षणाची गरज जास्त, हे त्या काळच्या अभियंत्यांनाही समजत होते. आज शहरातील कोणत्याही मुख्य रस्त्यावर दोनशे वाहने काही मिनिटांत निघून जातात.

वाहनांचे राज्य एकदा आले की ते परत फिरविता येत नाही, असेही पुष्कळांना वाटते. त्यांनी नेदरलँड्स या देशाकडे पाहावे. तेथे आज एकूण प्रवासांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक प्रवास सायकलने होतात, म्हणून तो देश मुळातच तसा असेल असा आपला समज होतो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद करण्यासाठी वस्त्या पाडल्या गेल्या, सायकल मागे पडत गेली. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची स्वतःची मुलगी अशा अपघातात गेली होती, त्या विक लांगेनहोफ या पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्याच्या लेखाचे शीर्षक पुढे चळवळीचे नाव झाले. या चळवळीत आईबाप होते, शिक्षक होते, मुलेही होती. जेथे अपघात होत त्या जागी ते रस्त्यावर बसत, गल्ल्या काही वेळ वाहनांना बंद करून मुलांना खेळू देत. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांना हात दिला; सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांना मोकळा रस्ता कसा असतो हे डोळ्यांनी दिसले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. पुढे हेग आणि तिलबुर्ख या शहरांत सरकारी पैशाने नमुन्याचे सायकल मार्ग बांधले गेले. मात्र एकच उत्तम मार्ग बांधून भागत नाही, घरापासून कामापर्यंत सलग जाळे लागते, हा धडा डेल्फ्ट शहरातील कामाने दिला. हे सारे दहा-पंधरा वर्षांत घडले, आणि त्याची सुरुवात सामान्य कुटुंबांनी केली. तो देश श्रीमंत होता हे खरे. पण रस्ते रुंद करण्याचा खर्चही श्रीमंतीचाच होता. पैसा कुठे घालायचा हा निर्णय लोकांनी बदलून घेतला.

परदेश दूर वाटत असेल, तर आपल्याच देशातील दोन गोष्टी सांगतो. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. त्यावेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो स्त्रिया शिकल्या, आणि पाणी आणायला, बाजारात जायला, मुलाला दवाखान्यात न्यायला नवऱ्याची वा एस.टी.ची वाट पाहण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट बिहारची. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतील नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. शाळा दूर आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबविणारे घर आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचे नाही? शहरातही तेच आहे, फक्त कारण वेगळे सांगितले जाते. 'रस्ता बरा नाही' म्हणतात.

आता मार्ग कसा असावा ते पाहू, कारण याच ठिकाणी बहुतेक पैसा वाया जातो. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बसचा स्वतंत्र मार्ग झाला, त्याच्या बाजूने पदपथ व सायकल मार्गही झाले. त्याच वर्षी केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला महत्त्व द्यावे असे सांगितले. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. म्हणजे ठरावांची उणीव नाही. उणीव आहे ती बारकाव्यांची. मार्ग दोन मीटर तरी रुंद हवा, कारण १९६२ च्या त्याच पुस्तिकेने एका सायकलीस एक मीटर धरून किमान दोन रांगा सांगितल्या आहेत. नुसता रंगाचा पट्टा मारला म्हणजे मार्ग झाला असे नव्हे; त्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी गाड्या उभ्या राहतात. मधे उंच कडा किंवा दुभाजक हवा. चौकात मार्ग तुटता कामा नये, कारण वळणारे वाहन आणि सरळ जाणारी सायकल यांची गाठ नेमकी तेथेच पडते. मार्गाच्या मधोमध विजेची डी.पी., झाड किंवा बसथांबा आला, तर सायकलवाला नाइलाजाने मुख्य रस्त्यावर उतरतो आणि पुन्हा कधी वर चढत नाही. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेने ठेवल्या तर त्यात चाक अडकते. त्या आडव्या हव्यात. ही एवढीशी गोष्ट आहे, खर्चही वाढत नाही, पण ती पाहायला कोणी जात नाही. आणि जेथे मार्गाला जागाच नाही, अशा गल्लीत वाहनांचा वेग कमी करणे हाच उपाय. ताशी साठचा वेग तीसवर आणला तर धक्क्याची ताकद निम्मी नव्हे, चौथाई होते; शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील गतिज ऊर्जेचे सूत्र हेच सांगते.

मार्गावरील अतिक्रमणाचा प्रश्न निघाला की पहिले बोट भाजीच्या हातगाडीकडे जाते. हे आम्हाला पटत नाही. हातगाडीवाला आपल्यासारख्याच घरातला आहे, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यालाही जागेचा हक्क दिला आहे. त्याच्या जागेची आखणी मार्गासोबतच करून घ्यावी. खरी जागा अडते ती उभ्या मोटारींनी. एक मोटार अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन दिवसभर फुकट वापरते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. दुकानदार बंधूंना गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते, ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. माल उतरविण्याच्या वेळा त्यांच्याशी बसून ठरवाव्या लागतील. सायकल मार्गावरून मोटार वाहन नेऊ नये हे तर १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच लिहिले गेले होते. पण दुचाकी त्यावर चढते तेव्हा चालविणारा अनेकदा आपल्याच वस्तीतला, आपल्याच घरातला तरुण असतो. त्याला थांबविणे हे पोलिसाआधी आपले काम आहे, आणि आमच्या मते हेच सर्वांत अवघड काम आहे. अर्ज करणे त्यामानाने सोपे.

संस्थेच्या विद्यार्थ्यांना एक अभ्यास सुचवितो. आपल्या वस्तीतून शाळा-महाविद्यालयाकडे जाणारा एक रस्ता निवडावा. शाळा चालू असताना, सणवार व परीक्षा सोडून, आठवड्यातील तीन दिवस सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चौघांनी ठरावीक ठिकाणी उभे राहावे. एकाने सायकली, दुसऱ्याने दुचाकी, तिसऱ्याने मोटारी-रिक्षा-टेम्पो-बस मोजाव्या. चौथ्याने सायकलवर मुली किती, मुले किती, कामगार किती, वयस्क किती याची नोंद ठेवावी. पाच-पाच रेघांच्या जुड्या मारल्या की चूक होत नाही. मग टेप घेऊन रस्त्याची रुंदी मोजावी, उभ्या वाहनांनी किती अडविली तेही लिहावे. डी.पी., तुटलेली झाकणे, बंद दिवे यांची जागा नकाशावर दाखवावी. कागदावर दिनांक, वार, वेळ आणि मोजणाऱ्यांच्या सह्या हव्यात. त्याशिवाय त्या आकड्यांना कोणी आकडे म्हणणार नाही.

हे टिपण क्षेत्रीय कार्यालयात दोन प्रतींत द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. पुणे महापालिकेने अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेण्याची पद्धत २००६-०७ पासून सुरू केली. जेथे अशी सोय आहे तेथे मुदतीत अर्ज जावा, आणि ही मुदत अंदाजपत्रक सादर होण्याच्या काही महिने आधीच संपते, हे लक्षात असावे. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर अर्जाचे काय झाले ते विचारता येते. माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मोजणीचा कोरा तक्ता हाताने आखून वाचनालयात ठेवला तर पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तोच वापरता येईल, आणि दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.